पंढरपुरात जन्मलेला चित्रकार : मकबूल फिदा हुसेन



आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांची नावं सांगा, असं वर्गात विचारलं की मुलं पटापट हात वर करतात. चार हुतात्मे येतात, डॉ. कोटणीस येतात, एखादा बार्शीकडचा मुलगा शाहीर अमर शेखांचं नाव घेतो. पण मकबूल फिदा हुसेन हे नाव माझ्या वर्गात आजवर एकदाही आलेलं नाही. मुलांचा यात काही दोष नाही. आपणच ते कधी सांगत नाही. हुसेन 2011 साली गेले, म्हणजे आज सातवीत बसणाऱ्या मुलांच्या जन्माच्याही आधी. त्यांच्यासाठी ते इतिहासातलेच. आणि आपल्याला हे नाव आठवलं तरी सोबत वादही आठवतात, मग विषय टाळलेला बरा असं वाटतं. मीसुद्धा बरीच वर्षं टाळला. यंदा मात्र सांगायचं ठरवलं. त्यासाठी जे वाचलं, जुळवलं, ते इथे देतोय.

हुसेन यांचा जन्म 17 सप्टेंबर 1915 चा, पंढरपूरचा. सोलापूरपासून साधारण 70 किलोमीटर. घराणं सुलेमानी बोहरा. वडिलांचं नाव फिदा हुसेन, आईचं झैनब. मूल दीड वर्षाचं होतं न होतं तोच आई वारली. तिचा एकही फोटो मागे राहिला नव्हता. आज आपल्या मोबाइलमध्ये मुलांचे हजार फोटो असतात, त्यामुळे याचा अर्थ चटकन लक्षात येत नाही. आपली आई दिसायला कशी होती, हे या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. पंचाण्णव वर्षांचं आयुष्य मिळालं, पण ती जागा तशीच कोरी राहिली. पुढे त्यांनी शेकडो बायका रंगवल्या, त्यातल्या कितीतरी जणींना चेहराच नाही. कधी पदराची सावली, कधी नुसता सपाट रंग. आईची खूण म्हणून त्यांच्या मनात मराठी बायकांचं नऊवारी लुगडं होतं, असं ते सांगत. त्यांच्या चित्रांत नऊवारीचा काष्टा पुन्हा पुन्हा दिसतो तो त्यामुळे.

इथे एक सांभाळायला हवं. जन्म पंढरपूरचा म्हटल्यावर त्यांच्या चित्रांत वारी, विठोबा, चंद्रभागा शोधायचा मोह होतो. भाषणात असं वाक्य टाळ्याही घेऊन जातं. पण ते ओढूनताणून करू नये. वडील दुसरं लग्न करून इंदूरला गेले, सोबत पोरगंही गेलं. पंढरपूर आठवावं असं त्याचं वयच नव्हतं. पंढरपूरने त्यांना आई दिली आणि तिथेच ती नेली, एवढंच खात्रीने म्हणता येतं. तेवढंही काही कमी नाही.

इंदूर तेव्हा होळकरांचं संस्थान. कापडगिरण्यांचं गाव, बरंचसं मराठी बोलणारं. म्हणजे आपल्या जुन्या सोलापुरासारखंच म्हणा ना. वडील गिरणीत नोकरीला. मकबूलचा जीव मात्र आजोबांवर, अब्दुल त्यांचं नाव. हुसेन यांच्या चित्रांत कंदील आणि छत्री पुन्हा पुन्हा येतात. ती या आजोबांची आठवण, असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. आजोबा गेल्यावर पोर गप्प गप्प राहू लागलं, तेव्हा वडिलांनी त्याला बडोद्याच्या बोर्डिंगमध्ये घातलं.

बडोद्यातली एक गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चित्रकलेच्या मास्तरांनी फळ्यावर खडूने एक पक्षी काढला आणि पोरांना पाटीवर उतरवायला सांगितला. मकबूलच्या पाटीवर फळ्यावरचा पक्षी जसाच्या तसा येऊन बसला. मास्तरांनी दहापैकी दहा गुण दिले. पुढे गांधी जयंतीला वर्ग भरायच्या आधी या मुलाने फळ्यावर गांधीजींचं चित्र काढून ठेवलं होतं. हे प्रसंग हुसेन यांनीच आपल्या आठवणींत लिहिलेत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात त्या आठवणींचा एक पाठ होता, काही पालकांनी तो शिकलेलाही असेल. बडोद्यालाच त्यांना अरबी सुलेखनाची गोडी लागली. त्यांच्या चित्रात रेघ एका दमात, न थरथरता धावते. तिच्यामागे बोरूचा तो सराव आहे असं मला वाटतं.

शाळेनंतर काकांच्या दुकानात बसायची पाळी आली. मुलाने धंदा शिकावा ही घरच्यांची इच्छा. मुलाचं लक्ष गल्ल्यापेक्षा समोरच्या रस्त्यावर. घुंघट घेतलेली मेहतराणी, ओझं वाहणारा मजूर, पठाण, बुरखेवाली बाई, बकरी, जो दिसेल त्याचं स्केच वहीत. हिशेबाच्या वहीत आकडे दहा आणि चित्रं वीस. अशातच एक दिवस टांग्यावरून सिनेमाची जाहिरात गेली. सिनेमा आपल्या शांतारामबापूंचा, ‘सिंहगड’. रंगीत पतंगी कागदावर छापलेलं चित्र, हातात ढाल-तलवार घेतलेला मराठा वीर. ते बघून मकबूलला तेलरंगात चित्र काढायची तहान लागली. पण तेलरंग आणायला पैसे कुठले? त्याने शाळेची दोन पुस्तकं विकली, रंग आणले आणि दुकानात बसूनच आयुष्यातलं पहिलं तैलचित्र काढलं. काका भडकले. तक्रार वडिलांकडे गेली. वडिलांनी चित्र पाहिलं आणि मुलाला पोटाशी धरलं.

पुस्तकं विकली हे वाचून माझ्यातला मास्तर जरा कचरला, खोटं कशाला बोलू. वर्गात ही गोष्ट सांगताना मी पुढे एक सूचना जोडली की पुस्तकं विकायची नाहीत, रंग हवे असतील तर मला सांगा. मुलं हसली.

त्याच काळात इंदूरच्या रस्त्यावर एक तरुण स्टँड लावून निसर्गचित्रं काढत असे. नारायण श्रीधर बेंद्रे, पुढे मोठे चित्रकार झालेले. मकबूलची त्यांच्याशी गाठ पडली. तो बेंद्र्यांना घरी घेऊन आला, आणि त्यांचं ऐकून वडिलांनी थेट मुंबईहून रंग आणि कॅनव्हास मागवले. बोहरा कुटुंब, गिरणीतली नोकरी, त्या काळात चित्रकला म्हणजे रिकामटेकड्यांचं काम. तरी या बापाने मुलाला मोकळं सोडलं. मला हुसेन यांच्या चरित्रात हा माणूस फार मोठा वाटतो. बेंद्र्यांचे गुरू दत्तात्रय दामोदर देवळालीकर, इंदूरच्या कलाशाळेचे. हुसेनही तिथे संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. एका गावातल्या एका मास्तरांच्या हाताखालून बेंद्रे, डी. जे. जोशी आणि हुसेन असे तीन चित्रकार निघाले.

मग मुंबई. खिशात पैसे नाहीत, ओळख नाही. सिनेमाचे बोर्ड रंगवायचं काम मिळालं, मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने, काही आणे. पोटाला पुरेल इतकंच. पण विचार करा, पाच-सहा मजली उंचीवर लागणाऱ्या पाटीवर नटीचा डोळाच हात-दीड हाताचा! तिथे बारीक कलाकुसर करून चालत नाही. लांबून, धावत्या ट्राममधून दिसलं पाहिजे. रेघ मोठी हवी, रंग ठळक हवा, हात झपाट्याने चालला पाहिजे. कलाशाळेत शिकवत नाहीत ते त्यांना या मजुरीने शिकवलं. 1941 मध्ये फझिला यांच्याशी लग्न झालं, संसार वाढला. मग लहान मुलांचं लाकडी फर्निचर आणि खेळणी रंगवायचं काम धरलं. त्या खेळण्यांतला चपटा, थेट रंग पुढे त्यांच्या चित्रांत उतरलेला दिसतो.

1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या ‘सुनहरा संसार’ या चित्राला बक्षीस मिळालं. त्याच वर्षी फ्रान्सिस न्यूटन सोझा या गोव्याच्या तरुणाने मुंबईत एक गट उभा केला, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. भारतातल्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट सांगताना या गटापाशी थांबावंच लागतं. कोण कोण होते बघा. सोझा, मध्य प्रांतातल्या मंडल्याकडचे रझा, विदर्भातले हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे, घरगड्याचं आणि गाड्या धुण्याचं काम करत चित्रकार झालेले कृष्णाजी हौळाजी आरा, आणि बोर्ड रंगवणारे हुसेन. श्रीमंत घरचा कुणी नाही.

यांचं म्हणणं काय होतं, हे मुलांना सोपं करून सांगता येतं. तेव्हा चित्रकलेत दोन रस्ते होते. एक इंग्रजांनी शिकवलेला, जसं दिसतं तसं हुबेहूब काढायचा. दुसरा बंगालचा, जुन्या अजिंठा-मुघल शैलीकडे वळलेला, हळुवार. या मंडळींना दोन्ही पुरेसे वाटेनात. देश आत्ता स्वतंत्र होतोय, फाळणीत माणसं मरतायत, गावं शहरात येऊन पडतायत. हे सगळं मांडायला नवी भाषा हवी, असं त्यांना वाटत होतं. युरोपात सेझान, पिकासो, मातिस यांनी जे केलं होतं ते त्यांनी पुस्तकांतून आणि मुंबईत आलेल्या काही युरोपीय चित्रप्रेमींकडून समजून घेतलं. नक्कल केली का? सुरुवातीला काही अंशी केली, असं माझं मत. हुसेन त्यातून बाहेर पडले ते 1948 च्या दिल्लीवारीमुळे. सोझांबरोबर ते राष्ट्रपती भवनातलं, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसमधलं, भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन बघायला गेले. मथुरेची शिल्पं, गुप्तकाळातल्या मूर्ती, बसोलीची लघुचित्रं. दगडातली ती भरदार, तीन ठिकाणी वाकलेली स्त्री आणि बसोलीचे ते पेटलेले रंग घेऊन ते परतले. आपली भाषा त्यांना सापडली ती तिथे.

त्यानंतरच्या दोन चित्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वर्गात दाखवायला ती फार उपयोगी आहेत. दोन्ही इंटरनेटवर मिळतात.

पहिलं ‘ग्रामयात्रा’, 1954 चं. जवळपास 14 फूट लांब. त्यात गावातल्या जगण्याचे 13 तुकडे शेजारी शेजारी मांडलेत. दळणारी बाई, बैलगाडी, आई आणि मूल, शेतकरी. कामावर आलेल्या एका डॉक्टरांनी ते दिल्लीत विकत घेतलं आणि ते नॉर्वेला गेलं. पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या एका रुग्णालयात लागलेलं होतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं, त्या वेळी आधुनिक भारतीय चित्रासाठी तो विक्रम होता. मुलांना किमतीचाच आकडा लक्षात राहतो, राहू द्या. पण त्या आकड्यापाशी थांबू नका. जात्यावर बसलेली बाई तिथे किती वेळ बसली असेल, हे तिच्या पाठीवरून कळतं का, असं विचारा.

दुसरं ‘जमीन’, 1955 चं. सुमारे 18 फूट लांब, पट्टीसारखं. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पुरस्कार मिळाला. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. बैल, चाक, माणसं, बाया, भूमिती आणि माती. गोष्ट डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपते असं काही नाही, कुठूनही शिरा. रस्त्यावर लांबरुंद पाट्या रंगवल्या नसत्या तर अशा आकाराचं चित्र हाताळायची हिंमत झाली असती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

घोडे तर सगळ्यांना माहीत आहेत. लहानपणी पाहिलेल्या मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल, चीनच्या प्रवासात पाहिलेले घोडे, इटलीतली शिल्पं, असं सगळं त्यात मिसळलंय. मला स्वतःला ते फार काढले गेले असं वाटतं. पन्नासच्या दशकातली चित्रं आणि नंतर धडाक्याने काढलेली चित्रं एका तोलाची नाहीत. प्रसिद्धी त्यांना आवडायची, हेही खरं. नट्यांची चित्रं, माधुरी दीक्षितवरचा ‘गजगामिनी’ हा सिनेमा, प्रेक्षकांसमोर उभ्या उभ्या चित्र काढणं. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना हे वगळायचं कारण नाही.

पण याच माणसाने 1967 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ नावाचा एक छोटा चित्रपट केला. राजस्थानात फिरून, एकही संवाद न घालता. त्याला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं. छत्री, कंदील, जोडा, बैल, वाळू, भिंती, बस्स. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. डिजिटल वर्ग असेल तर जरूर दाखवा. मुलं सुरुवातीला चुळबुळतात, मग गप्प होतात.

त्यांच्या अनवाणी पायांची गोष्टही सांगण्यासारखी. 1964 मध्ये दिल्लीत गजानन माधव मुक्तिबोध गेले. हिंदीतले मोठे कवी, घर मराठी, शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेन यांनी पायातल्या चपला काढल्या, त्या पुन्हा कायमच्या घातल्या नाहीत. लोकांना तो नखरा वाटायचा. असेलही थोडा. पण मुळात ते एका कवीचं सुतक होतं.

राममनोहर लोहियांनी त्यांना सुचवलं की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लटकत बसण्यापेक्षा रामायण रंगवा. त्यावरून त्यांनी हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून वर्षानुवर्षं रामायण रंगवलं, पंडितांकडून अर्थ समजावून घेत. नंतर महाभारतही रंगवलं. 1971 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोला पिकासोबरोबर खास निमंत्रित म्हणून गेले ते महाभारत घेऊन. पद्मश्री, 1973 ला पद्मभूषण, 1991 ला पद्मविभूषण, 1986 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. मानसन्मान भरपूर झाले.

आणि मग वाद. हे मुलांना सांगायचं का? आठवी-नववीच्या मुलांना सांगावं, असं माझं मत झालंय. नाहीतर ती ते कुठूनतरी अर्धवट ऐकणारच. 1970 च्या दशकात काढलेली देवींची काही रेखाटनं 1996 मध्ये एका हिंदी मासिकात छापून आली. ती विवस्त्र होती. अनेकांच्या श्रद्धेला धक्का बसला, पोलिसात तक्रारी झाल्या, 1998 मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. 2004 मध्ये ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या एका गाण्यावर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी तो चित्रपट मागे घेतला. 2006 मध्ये भारतमातेच्या चित्रावरून पुन्हा वादळ उठलं, ठिकठिकाणी खटले उभे राहिले. नव्वदीच्या माणसाने देश सोडला. मे 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे ते खटले रद्द केले, सर्वोच्च न्यायालयानेही पुढे कारवाई करायला नकार दिला. तरी ते परतले नाहीत. 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि भारताचा पासपोर्ट परत केला.

वर्गात मी एवढंच सांगतो की काही लोक खरोखर दुखावले गेले होते, न्यायालयाने काय निकाल दिला तो असा, आणि घरावर चालून जाणं हे कुठल्याही दुखण्यावरचं औषध नव्हे. पुढे मुलं घरी जाऊन विचारतील. पालकांना विनंती, त्यांना गप्प करू नका.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गटातले सोझा 1949 मध्ये लंडनला गेले, रझा पुढच्याच वर्षी पॅरिसला, बाकरेही लंडनला. हुसेन जगभर हिंडले, पण दर वेळी परत आले. इथे घट्ट राहिलेल्यांपैकी हा एक. त्यांना शेवटी जावं लागलं. 9 जून 2011 रोजी लंडनच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, दफन तिकडेच ब्रुकवूडच्या दफनभूमीत झालं.

1980 च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांची चित्रं काढायला घेतली. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल. चेहऱ्याच्या जागी काळोख. मी वर्गात आधी हीच चित्रं दाखवली. मुलांनी लगेच विचारलं, सर, नाक-डोळे राहिले का? मी थोडा वरमलो. कारण चित्राच्या तासाला बिनचेहऱ्याच्या माणसावर चित्र अपूर्ण असा शेरा मारणारा मीच. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करून घेताना तर सक्तीने नाक-डोळे काढायला लावणारा. त्या दिवशी मुलांना पंढरपूरची, दीड वर्षाच्या मुलाची गोष्ट सांगितली. वर्ग शांत झाला. मग म्हटलं, आता तुम्ही आपापल्या आईचं चित्र काढा, चेहरा न काढता. आई ओळखू आली पाहिजे.

तासाभरात कागद जमा झाले. भाकरी थापणारी पाठ, शिलाई मशिनवर वाकलेली मान, दवाखान्यातला पांढरा कोट, एका आईच्या कानाला मोबाइल. पूर्व भागातल्या एका मुलीने माणूसच काढला नव्हता. मांडीवरचं सूप, त्यात तेंदूची पानं, एक कातर आणि विडी वळणारे दोन हात, एवढंच. तिची शेजारीण कागदाकडे बघून म्हणाली की ही हिची आई नाही, माझी आहे. दोघींचं बराच वेळ भांडण चाललं होतं.